आधीची किती?

जळगावच्या पिंप्राळ्यात माझ्या दवाखान्यासमोर एक मावशी माठांची हातगाडी लावतात. चैत्र सरत आला की त्यांच्या गाडीवर माठांच्या कडेला आखाजीच्या घागरी येऊन बसतात. सकाळी त्या सगळ्यांवर पाणी शिंपडतात आणि तापल्या मातीचा वास दवाखान्याच्या पायरीपर्यंत येतो. आत लेकरांना घेऊन बसलेल्या बाया बोलता बोलता थांबतात. एखादी म्हणते, "आली वाटतं आखाजी."

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. इतर ठिकाणी त्या दिवशी लोक सोनं घेतात. आमच्या खानदेशात सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, पुरुष पत्ते कुटतात, आणि घरोघर गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, आंबा ठेवतात, सांजोरी ठेवतात. इथला उन्हाळाच असा की पितरांनाही तहान लागावी.

या दिवसांत मला काम सुचत नाही. हात चालू असतात, सुई टोचतो, वजन पाहतो, औषध लिहितो. पण मन धुळ्याच्या वॉर्डात आणि नशिराबादच्या आमच्या ओट्यावर जाऊन उभं राहतं. इतकी वर्षं झाली, तरी त्या एका उन्हाळ्याचा धक्का अजून पुरता ओसरलेला नाही. लहानपणी तापल्या पत्र्याला चुकून हात लागला की आधी काहीच कळायचं नाही, आणि मग एकदम कळायचं. तसा तो उन्हाळा मला अजून कळतोच आहे.

नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. मी धुळ्याला इंटर्न होतो आणि मुलांच्या वॉर्डात माझी ड्यूटी होती. धुळ्याचं ऊन कोरडं. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसायचं नाही. वॉर्डाच्या खिडक्यांना आम्ही ओल्या चादरी बांधायचो आणि त्या बघता बघता वाळून कडक व्हायच्या. साक्रीकडून, शिरपूरकडून, शिंदखेड्याच्या खेड्यांतून लेकरं यायची. जुलाब, उलट्या, डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहणारी. एका खाटेवर दोन-दोन. खाली फरशीवर आया बसलेल्या, कुणाच्या हातात वाटी, कुणाच्या हातात चमचा. फिनेल, घाम, दूध आणि उलटी यांचा मिळून एक वास होता. तो वास मला आवडायचा हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आवडायचा, कारण त्या वॉर्डात सकाळी मान टाकलेलं पोर संध्याकाळी बिस्कीट मागायचं. मोठ्यांच्या वॉर्डात असं काही घडत नसे.

आमच्या कॉलेजात तेव्हा पुढच्या शिक्षणाच्या जागा नव्हत्या. बाहेर अर्ज करायचा, यादीत नाव लागलं तर मुलाखतीला जायचं. होस्टेलमध्ये रात्रंदिवस तेवढाच विषय. कुणाला हाडांचं हवं, कुणाला डोळ्यांचं. माझा खोलीमित्र सलीम धुळ्याचाच, त्याच्या घरी पॉवरलूम. त्याला सर्जन व्हायचं होतं. मी बालरोग म्हटल्यावर तो हसला.

"पाटील, अरे पोरांचा डॉक्टर? पोर स्वतः काही सांगत नाही, आई सांगते ते धड नसतं, आणि आजी मध्येच भलतंच सांगते. कशाला?"

"म्हणूनच," मी म्हणालो.

विभागाचे प्रमुख सबनीस सर होते. बुटके, पांढऱ्या मिशीचे, निवृत्तीला आलेले. ते तपासायला हात लावायच्या आधी आईशी बोलत बसायचे. आजार कसा विचारावा हे मी त्यांच्याकडून शिकलो. त्या विचारण्यात एक ठरलेला प्रश्न असायचा. हे कितवं मूल? आधीची किती? त्यातली आहेत किती? पहिल्या दिवशी मला तो प्रश्न विचारताना अवघड झालं होतं. पण बाया सहज सांगायच्या. "पाच व्हयनात. तीन शेत." पाच झाली, तीन आहेत. बाजारातून आणलेल्या वस्तू सांगाव्या तसं. मी लिहून घ्यायचो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचो. शेकडो वेळा विचारला असेल तो प्रश्न.

अर्जासोबत सरांचं शिफारसपत्र हवं होतं. सर म्हणाले, "पत्र असंच देत नसतो. सुट्टीवरून आलास की मला एक केस पहिल्यापासून शेवटपर्यंत मांडून दाखव. पुस्तकातली नको. आईच्या तोंडून आलेली पाहिजे."

सुट्टी आखाजीचीच होती. मी जळगावजवळ नशिराबादला घरी आलो.

आमच्या घरी आईला आम्ही अक्का म्हणत असू. मामा-मावश्या तिला तशी हाक मारत, तीच आम्ही उचलली. तिचं माहेर साक्रीकडचं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण तिनं माहेरची अहिराणी सोडली नव्हती. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. केळीची थोडी बाग आणि कपाशी, एवढ्यावर त्यांनी आम्हा तिघांना वाढवलं. मी मोठा, माझ्या पाठची बहीण, आणि धाकटा भाऊ. हे मी इतक्या खात्रीनं सांगू शकत होतो की कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी चुकलो नसतो.

आखाजीच्या आदल्या दुपारी अक्का स्वयंपाकघरात सांजोऱ्या लाटत होती. बहीण शेजारच्या पोरींबरोबर झोक्यावर गेलेली. बाहेर निंबाच्या फांदीचा करकर आवाज आणि पोरींची गाणी येत होती. मी वही घेऊन अक्काच्या समोर पाटावर बसलो.

"अक्का, आपण दवाखाना खेळू. तू वॉर्डातली बाई. मी डॉक्टर. सरांना दाखवायची तयारी करतोय."

"आनि पोर कोठे शे?"

"पोर मीच. माझंच सगळं सांग. मी लहान होतो तेव्हाचं."

तिला मजा वाटली. पदर सावरून ती खरोखर वॉर्डातल्या बाईसारखी अवघडून बसली. मी अहिराणीत विचारत गेलो, ती सांगत गेली. बाळंतपण कुठं? माहेरी. कुणी केलं? सुईणीनं. लगेच रडला का? "रडना? गाव जागं व्हयनं!" आम्ही दोघं हसलो. दूध कधीपर्यंत? कावीळ झाली होती? ती लाटता लाटता सांगत होती, मी लिहीत होतो. मग सवयीनं पुढचा प्रश्न आला.

"हाऊ कितवा?"

"तिसरा."

मी लिहिलंही. मग थांबलो. "नाही अक्का, माझ्याबद्दल सांगतेयस ना? मी पहिला. पहिला म्हण."

तिनं लाटणं थांबवलं. पोळपाटावरची सांजोरी अर्धी गोल झाली होती, अर्धी व्हायची होती.

"तिसराच शे, भाऊ," ती म्हणाली. "तुना पह्यले दोन व्हतात."

मी हसलो होतो हे मला अजून आठवतं. काय करावं ते न कळून माणूस हसतो तसं. बाहेर झोक्यावर कुणीतरी जोरात किंचाळली आणि पोरी खिदळल्या. माझ्यासमोर बसलेल्या बाईला मी पंचवीस वर्षं ओळखत होतो. तिच्या पायाला कुठं भोवरी आहे, तिला कुठल्या वासानं मळमळतं, सगळं ठाऊक होतं. आणि तिची दोन लेकरं मला माहीत नव्हती.

"कोण दोन?"

"एक आंडेर, एक आंडोर. कमल आनि अशोक." मुलगी आणि मुलगा. "कमल बोलाले लागेल व्हती. अशोक रांगे. एकच आठवडामा दोन्ही गयात. असाच उन्हाळा व्हता."

"कशानं?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तू रोज देखस ना धुयाले? त्यानीच."

पुढचं तिनं खाली मान घालून सांगितलं. मी विचारलं नाही, तिनंच सांगितलं, जसं वॉर्डातल्या बाया एकदा बोलू लागल्या की सांगतात. दोघांना जुलाब लागले. गावात तेव्हा डॉक्टर नव्हता. आजूबाजूच्या शहाण्या माणसांनी सांगितलं, सासूनं सांगितलं, जळगावहून येणाऱ्या कंपाउंडरनंही सांगितलं की पाणी देऊ नको. पाणी दिलं तर जुलाब वाढतील. "बठ्ठा तेच सांगेत." कमल पाणी मागायची. बोलायला शिकलेली पोर, तिला मागता येत होतं. ती रांजणाकडे जायची.

"मी रांजनवर पाटा ठेवी दिधा," अक्का म्हणाली.

मसाला वाटायचा दगडी पाटा. पोरीला झाकण उचलता येऊ नये म्हणून.

मला काही बोलायचं होतं. माझ्या पुस्तकात त्यावर एक अख्खं प्रकरण होतं. जुलाबात पाणी का द्यायचं, मीठ किती, साखर किती, ते मी रोज दहा बायांना शिकवत होतो. तेच शब्द मी आता तिच्यासमोर कसे उच्चारणार? माझ्या मनात एकच येत होतं, की हे तिला कळता कामा नये. तिला कधीच कळू नये की एक तांब्या पाणी...

"माले मालूम शे," ती म्हणाली. माझ्या तोंडावर तिला काय दिसलं देव जाणे. "रेडिओवर सांगतस. मीठ-साखरनं पानी देवा. तू दहावीले व्हता. पह्यलांदा आयकं तवय मी चुल्हापुढे बसेल व्हती."

म्हणजे तिला दहा वर्षं ठाऊक होतं. दहा वर्षं ती एकटी ते घेऊन स्वयंपाक करत होती, आम्हाला वाढत होती, नानांना शेतात भाकरी नेत होती. रेडिओवर ती जाहिरात लागली की आम्ही भावंडं तिची चाल म्हणायचो, तिच्यासमोर, हातवारे करून.

"अक्का, तेव्हा डॉक्टरही तेच सांगायचे," मी कसाबसा म्हणालो.

"हां," ती म्हणाली. "डॉक्टरबी सांगेत." आणि सांजोरी पुढं लाटायला घेतली.

मग मला एकेक गोष्ट दिसायला लागली आणि प्रत्येक गोष्टीनं मी नव्यानं हादरत गेलो. गावातल्या म्हाताऱ्या मला दगडू म्हणत. मला वाटायचं, मी अंगानं दणकट होतो म्हणून. आधीची लेकरं जगली नाहीत की पुढच्याला दगडू, धोंडू म्हणतात, म्हणजे काळाची नजर पडत नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. वॉर्डात एका दगडूच्या आईनं मला ते सांगितलंही होतं, आणि मी मान डोलावली होती. आपलं स्वतःचं नाव असं समोर पडलेलं असतं आणि आपण ते ओलांडून जात राहतो.

कोपऱ्यात उद्याच्या पूजेची मोठी घागर भरून ठेवायची तयारी होती, आजोबांच्या नावाची. तिच्या शेजारी दोन लहान बोळकी. ती दरवर्षी असत. आम्ही समजायचो, बहिणीच्या खेळातली. लहान लेकरांच्या नावानं घागर भरत नाहीत, अशी रीत. अक्कानं कुणाला न विचारता आपली रीत काढली होती. त्या दिवशी तिनं माझ्यासमोर ती बोळकी विसळली, काठोकाठ भरली आणि झाकण ठेवलं नाही.

संध्याकाळी ती ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसली. "तू दुसरं काहीबी ले," ती हळूच म्हणाली. "डोयानं ले, हाडनं ले. पोरेसनं नको लेऊ."

"का?"

"तू घर येशी, नि मी रोज तुना तोंडकडे देखसू. आज कोन गयं?"

मी तिला होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

आजच्या आया वेगळ्या आहेत. एखादी मला विचारते, "सर, दिवसातून तीनदा शी झाली, ओआरएस कुठल्या चवीचं देऊ?" मी तिला सांगतो, कुठल्याही चवीचं दे. ती हसते. मी तिच्याकडे पाहत राहतो, जरा जास्तच वेळ, आणि मग तिला संकोच वाटेल म्हणून कागदाकडे वळतो. तिला काय ठाऊक, की मला तिचं हे बेफिकीर हसणं किती आवडतं.

धुळ्याला परतलो ते सुन्न होऊनच. एसटीच्या खिडकीच्या गरम सळईला डोकं टेकलं होतं तरी भाजल्याचं कळत नव्हतं. खोलीवर सलीमला सगळं सांगितलं. या वेळी तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी तो घरी जेवायला गेला आणि परत आला तो दारातच उभा राहिला.

"काय झालं रे?"

"मी अम्मीला विचारलं," तो म्हणाला. "सहजच. नाही म्हणेल असं वाटलं होतं." त्यानं चष्मा काढला. "पाटील, आम्ही पाच नाही. सात होतो."

आम्ही दोघं आपापल्या खाटेवर बसून राहिलो. दोघंही डॉक्टर. दोघांनी वर्षभर परक्या बायांना तो प्रश्न विचारला होता. आपल्या घरात तो विचारायचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. आपल्या घरचं उत्तर आपल्याला माहीतच असतं, असं वाटतं ना.

सरांसमोर केस मांडायची होती. मी दुसरी कुठली तरी तयार करू शकलो असतो. पण डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं. त्यांच्या खोलीत पंखा घरघरत होता. मी सुरू केलं. दोन भावंडं. मोठी मुलगी बोलणारी, धाकटा रांगणारा. उन्हाळ्याचे दिवस. जुलाब सुरू. पाणी बंद ठेवलं. मुलगी पाणी मागत होती.

"माहिती देणारी कोण?" सरांनी विचारलं. हा नेहमीचा प्रश्न.

"आई."

"विश्वासार्ह?"

"हो सर. पूर्ण."

"कधी दाखल झाली मुलं?"

"दाखल झाली नाहीत, सर. खूप जुनं आहे. माझ्या जन्माच्या आधीचं."

सरांनी मान वर केली. त्यांना समजलं. टेबलावरचा पाण्याचा ग्लास त्यांनी थोडा पुढं सरकवला, पुन्हा मागं घेतला.

"मी नोकरीला लागलो तेव्हा एका तालुक्याच्या दवाखान्यात होतो," ते म्हणाले. "आम्हालाही तसंच शिकवलं होतं. पोट रिकामं ठेवा. आतड्याला विश्रांती द्या. मी स्वतः सांगितलंय बायांना, पाणी देऊ नका म्हणून. कितींना, ते आता आठवत नाही."

ज्यांच्याकडे पाहून मला हा विषय घ्यावासा वाटला, ते हे. मला वाटलं खुर्ची मागं ढकलून बाहेर निघून जावं. आणि त्याच वेळी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मला ते म्हातारे दिसले.

"पत्र देतो," ते म्हणाले. "पण हा विषय घे असं मी तुला सांगणार नाही. ते तुझं तू बघ."

पत्र खिशात घेऊन मी काही दिवस तसाच फिरलो. अर्जावर विषयाची जागा कोरी होती. एका दुपारी साक्रीकडून एक पोर आलं. वर्षाचंही नसेल. डोळे अर्धे उघडे, ओठ फुटलेले. बरोबर आई आणि आजी. शीर सापडेना. शेवटी डोक्यावरची सापडली, सलाइन सुरू झालं. मग पोरानं जरा डोळे फिरवले तेव्हा मी आईला वाटी-चमचा दिला. म्हटलं, थोडं थोडं पाजत राहा.

आजीनं तिचा हात धरला. "पानी पाजू नका डाक्टर, आखो जुलाब व्हतीन."

तेच वाक्य. एरवी मी समजावून सांगितलं असतं, कदाचित आवाज चढवूनही. त्या दिवशी मी त्या म्हातारीपुढं फरशीवर बसलो आणि चक्क हात जोडले. "आजी, पाजू द्या. माझं ऐका. एवढ्या वेळी ऐका." तिला काय वाटलं कुणास ठाऊक. डॉक्टर खाली बसलेला पाहून ती गडबडलीच असेल. तिनं सुनेचा हात सोडला.

मग सगळी दुपार वाट पाहणं. असं वाळलेलं पोर लघवी कधी करतं यावर सगळं असतं. सूर्य कलला तरी दुपटं कोरडंच. मी दुसऱ्या खाटांकडे जायचो, परत यायचो, दुपट्याला हात लावून बघायचो. आई माझ्याकडे बघायची, आजी माझ्याकडे बघायची, शेजारच्या खाटांवरच्या बायाही बघायला लागल्या होत्या. मी औषधांच्या कपाटापाशी होतो तेव्हा मागून आजीची आरोळी आली.

"मुतना! व माय, मुतना!"

अख्खा वॉर्ड हसला. आजीचं लुगडं भिजलं होतं आणि ती ते ओलं लुगडं सगळ्यांना दाखवत होती. नर्सबाई हसता हसता डोळे पुसत होत्या. फरशीवरच्या बाया एकमेकींना सांगत होत्या, मुतना, मुतना. असा आनंद मी कुठल्याही देवळात पाहिला नाही. त्या दिवशी मी खोलीवर येऊन अर्जावर बालरोग लिहिलं. दुःखापोटी लिहिलं असं मला कुणी म्हटलं, तर मी त्याला त्या ओल्या लुगड्याची गोष्ट सांगतो.

औरंगाबादला मुलाखत झाली. समितीतल्या एकांनी विचारलं, बालरोगच का? मी पाठ केलेलं इंग्रजी उत्तर दिलं. त्यांनी माना डोलावल्या. जागा मिळाली.

पाऊस अजून आला नव्हता. मी पेढे घेऊन घरी आलो तेव्हा अक्का गहू पाखडत होती. तिला सांगितलं, की मिळालं, पोरांचंच मिळालं. तिनं सूप खाली ठेवलं. रागावेल, रडेल, असं मला वाटत होतं. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, नीट, आणि म्हणाली, "बरं." मग देवापुढं साखर ठेवायला आत गेली.

नाना ओट्यावर होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या साऱ्या दिवसांत ते एका शब्दानं बोलले नव्हते, आणि मलाही त्यांना विचारायचं धाडस झालं नव्हतं. ते उठले, टोपी घातली आणि मला म्हणाले, "चल."

आम्ही गावाबाहेर हायवेपर्यंत चालत गेलो. लहान लेकरांना जाळत नाहीत, पुरतात. ते कुठं, हे मी विचारलंच नव्हतं. नाना रस्त्याच्या कडेनं चालत राहिले. एका ठिकाणी थांबले, आजूबाजूला पाहिलं, थोडे मागं आले. परत पुढं गेले. ट्रक जात होते, त्यांच्या वाऱ्यानं नानांचं धोतर फडफडत होतं. आमचं एसटीचं थांबण्याचं ठिकाण तिथून जवळच होतं. धुळ्याला जाताना दर वेळी मी तिथं बॅग घेऊन उभा राहायचो.

"इथंच कुठं तरी," नाना म्हणाले. "निंब होता. दोघांना त्याच्याखालीच... रस्ता रुंद केला तेव्हा निंब गेला. आता नक्की सांगता येत नाही."

ते रस्त्याकडे बघत उभे राहिले. नांगर धरून धरून रुंद झालेला तो माणूस डांबराच्या कडेला हरवल्यासारखा दिसत होता. मी त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी तो झटकला नाही.

परत आलो. अक्कानं दारातच विचारलं, "कोठे गयतात?"

मी नानांकडे पाहिलं. ते पाय धुवायला मोरीकडे वळले. मी सांगितलं.

अक्काचा हात चौकटीवर होता, तिथंच राहिला. "तुले दाखाडं?" ती म्हणाली. "माले कधी दाखाडं नही."

बायका तिकडं जात नाहीत. त्या आठवड्यात नाना दोनदा एकटेच लेकराला उचलून घेऊन गेले होते आणि दोनदा रिकाम्या हातानं आले होते. ती घरात होती. कुठं ठेवलं हे तिनं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आणि त्यावर एवढा संसार झाला. मोरीतलं पाणी ओतण्याचा आवाज थांबला होता. नाना तांब्या हातात धरून पाठमोरे उभे होते.

"चाल नी," नानाच तिला म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना तिच्या बोलीत बोलताना ऐकलं.

आम्ही तिघं पुन्हा त्याच वाटेनं निघालो. ऊन डोक्यावर आलं होतं. अक्कानं पदर डोक्यावरून पुढं ओढला होता. नाना पुढं, ती मागं, मी तिच्याही मागं. हायवेच्या कडेला आल्यावर नाना थांबले आणि त्यांनी हातानं दाखवलं, इथून तिथपर्यंत, एवढ्यात कुठं तरी. अक्का रडली नाही. तिनं चपला काढल्या. तापल्या खडीवर अनवाणी ती दोन पावलं पुढं गेली, थांबली. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. लांबपर्यंत रस्ता, त्यावर उन्हाचं पाणी हलत होतं, एकही झाड नव्हतं.

मग ती नानांकडे वळली.

"आठे त सावली नही शे," ती म्हणाली.